योशितोची रुंद चाकं

सकाई, ११ फेब्रुवारी १९९८

तोमिए काकूंना कोसुके ओदाजिमाचा नमस्कार.

इकडे प्लमला कळ्या आल्यात, तिकडे समुद्राच्या वाऱ्यात अजून आल्या नसतील. आता पुढे काय लिहायचं ते कळत नाही, कारण आजवर मी पत्रं लिहिली ती स्पेअर पार्टवाल्यांना. फोन केला तर माझा आवाज ऐकताच तुम्ही खाली ठेवता, म्हणून हा खटाटोप.

योशितोला जाऊन तीन महिने झाले. त्याची पांढरी गाडी माझ्या गॅरेजात ताडपत्रीखाली उभी आहे. जॅकवरून सुटून त्याच्या अंगावर आली, त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही. शेजारी त्याची नवी चाकं खोक्यांत पडून आहेत. पुढची दहा इंच रुंद, मागची अकरा. काकू, त्या गाडीला मुळात साडेसात इंची चाकं येतात. एवढी रुंद चाकं मडगार्डाबाहेर न काढता, आत कुठे न घासता बसवणं म्हणजे जाड्या माणसाला बारक्याचा सदरा घालणं. ते एकच वेड होतं योशितोला. त्या दिवशीही आम्ही मागचं चाक लावून-काढून बघत होतो.

ती चाकं मला बसवू द्या. त्याचं राहिलेलं काम पुरं होईल. गाडी आता तुमच्या नावावर आहे, तेव्हा ती माझ्या नावावर करायचा कागद, त्यावर तुमचा नोंदलेला शिक्का आणि तो तुमचाच असल्याचा नगरपालिकेचा दाखला, एवढं पाठवा. मी तिला जिवापाड जपीन. योशितो मला भावासारखा होता.

कोसुके


हमादा, २० फेब्रुवारी

कोसुके,

पत्रात आधी ऋतूबद्दल लिहायचं असतं. वारा आहे, मासे चिरून हात फुटलेत. झालं लिहून.

माझा मुलगा ज्या गाडीखाली चिरडला, तिला तू नव्या चपला घालणार म्हणतोस. लाज नाही वाटली? आणि "भावासारखा होता" कुणाला सांगतोस! भाऊ होतास तर अंत्यविधीला मागच्या रांगेत का बसलास? उदबत्ती लावलीस आणि पळालास, जेवायलाही थांबला नाहीस. मी बघत होते.

कागद वगैरे नंतर. आधी एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. पोलिसांना मी हे सांगितलेलं नाही, कारण सांगायचीच लाज वाटली.

त्या रविवारी दुपारी त्याचा फोन आला होता, तुझ्याच गॅरेजातून. नवीन वर्षाला घरी येतो म्हणत होता. मी म्हटलं, ये, मासे बाजूला काढून ठेवते. तेवढ्यात मागून तू ओरडलास, "योशितो, घोडे लावलेत, ये!" तुझाच आवाज, फाटक्या भोंग्यासारखा. योशितो म्हणाला, "आई, ठेवतो, घोडे लावलेत त्यानं."

माझं डोकंच फिरलं. त्याच्या बापानं घोड्यांवर लावून लावून आमची होडी घालवली, मग घरातली भांडी, मग स्वतः गेला. दर रविवारी कानाला रेडिओ. या पोराला मी मांडीवर घेऊन शपथ घातली होती की घोड्याच्या नादाला लागायचं नाही. मी म्हटलं, "तू पण बापाच्याच वळणावर गेलास ना? मग मर तिकडेच!" आणि फोन आपटला. तासाभरानं पोलिसांचा आला.

आईनं पोराला बोललेलं शेवटचं वाक्य ते. रोज सकाळी त्याच्या फोटोपुढे भात ठेवते, आणि रोज मनात येतं की जुगारी मेला. एकदा रडू येतं, एकदा राग येतो. तर सांग, किती दिवस चालू होतं हे? कुणी लावलं त्याला या नादाला, तू का?

तोमिए


सकाई, १८ मार्च

तोमिए काकू,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुमचं पत्र वाचून चार-पाच रात्री झोप लागली नाही.

खोटं कशाला बोलू? हो, लावायचो आम्ही कधीमधी. रोज नाही, मोठी शर्यत असली की. त्या रविवारी मीच लावले होते दोघांच्या नावानं, एका तपकिरी घोडीवर. "ये" म्हणून ओरडलो ते रेडिओवर शर्यत ऐकायला. घोडी तिसरी आली. मग मी कोपऱ्यावर कॉफीचे डबे आणायला गेलो, आणि तेवढ्यात तो एकटाच गाडीखाली शिरला. घाई त्याच्या रक्तातच होती. मी परत आलो तेव्हा सगळं संपलं होतं. पोलिसांनाही मी हेच सांगितलंय.

त्याच्यावर रागावू नका. तरुण पोरं करतात असलं काहीबाही. आणि तुम्ही जे बोललात ते त्यानं मनावर घेतलं नसणार. हसत होता तो फोन ठेवल्यावर.

गाडीचं मनावर घ्या. ताडपत्रीखाली लोखंड कुजतं.

कोसुके


हमादा, ५ एप्रिल

कोसुके,

हसत होता म्हणतोस. बरं झालं कळवलंस.

तुझं पत्र आल्यापासून त्याचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. भात ठेवते, पण बोलत नाही. शेजारीण म्हणाली, "तोमिए, मेलेल्या पोरावर कसला राग धरतेस?" तिला काय सांगू? तिचा मुलगा टपालखात्यात आहे.

बसव ती चाकं. त्याला हवी होती ना, बसव. पण मडगार्डाचा पत्रा कापायचा नाही. लहानपणी तो मला सांगायचा, आई, पत्रा कापतो तो कसाई, वळवतो तो कारागीर. गाडीचे कागद मी दिलेले नाहीत हेही ध्यानात ठेव. तू ती नुसती सांभाळतोयस, मालक झालेला नाहीस.

तोमिए


सकाई, २६ जुलै

तोमिए काकू,

उकाड्यानं जीव नकोसा झालाय, पण कळवायचं आहे ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल. चाकं बसली!

काय सांगू काकू! मडगार्डाच्या आतली दुमड आधी गरम करून घेतली, म्हणजे रंग तडकत नाही. मग टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बेसबॉलची बॅट सरकवायची आणि गाडी इंचाइंचानं पुढेमागे ढकलायची. बॅट फिरते आणि पत्रा वर वळत जातो. पाच येनच्या नाण्याच्या भोकात दोरा ओवून मडगार्डाच्या कडेवरून सोडायचा. दोरा रिमला नुसता टेकला पाहिजे, अडता कामा नये. केस जाईल एवढीच फट ठेवायची. टायर मुद्दाम अरुंद घेतला आणि रुंद रिमवर ताणून चढवला, त्यामुळे त्याची बाजू आत कलती दिसते. आठ आठवडे गेले यात. आता गाडी अशी बसलीय की जमिनीतून उगवलीय म्हणाल. येणारे-जाणारे थांबून बघतात.

एक कबूल करतो. मागच्या बाजूला बोटभर पत्रा कापावा लागला. इलाजच नव्हता हो! योशितोनंही कापलाच असता.

आता माझं सांगतो. डिसेंबरात माझं लग्न आहे, चिझुरूशी. तिचे वडील टायरचे मोठे व्यापारी आहेत आणि मला स्वतःचं दुकान काढून देतायत. उद्घाटनाला दारात ही गाडी हवी असा त्यांचा हट्ट आहे. "गाडी तुझीच आहे ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. काकू, ऑक्टोबरपर्यंत कागद द्या. नाहीतर माझं तोंड काळं होईल.

कोसुके


हमादा, १४ सप्टेंबर

कोसुके,

कापलास ना? वाटलंच होतं. बोटभर का हातभर ते प्रत्यक्ष बघीन.

योशितो गेला नऊ नोव्हेंबरला, पण वर्षश्राद्ध आदल्या दिवशी, आठ तारखेला रविवारी ठेवलंय. गाडी घेऊन ये. त्या चाकांवर उभी राहिलेली मला एकदा बघायची आहे. त्या दिवशी कागदावर शिक्का मारून देते. दाखला तीन महिनेच चालतो, म्हणून तो तेव्हाच काढीन. या वेळी जेवल्याशिवाय जायचं नाही.

सासऱ्याला खोटं बोललास, त्यात नवल नाही. माणसाला जे जमतं तेच तो करतो.

तोमिए


सकाई, १० नोव्हेंबर

तोमिए काकू,

परवा तुमच्या अंगणात माझी जी शोभा झाली, तिची माफी कशी मागू? एवढ्या लांबून मिरवत आणली, आणि तुमच्या गल्लीच्या चढावर बंदराकडचा तो खड्डा! गाडी दबली आणि मागचा टायर कापलेल्या पत्र्याच्या धारेवर गेला. केळ सोलावं तसा सोलला. भटजींसमोर रबराचा वास घेऊन आलो. सोमवारी काम होतं म्हणून आगगाडीनं परतावं लागलं, आणि त्या गडबडीत शिक्क्याचं राहूनच गेलं.

नवा टायर मागवलाय. २२ तारखेला रविवारी घेऊन येतो. तोवर गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका, विशेषतः गावातल्या मेकॅनिकला. असल्या गाडीचं काम त्यांना समजत नाही. कागद तयार ठेवा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन निघेन. उद्घाटन १२ डिसेंबरला आहे.

कोसुके


हमादा, १३ नोव्हेंबर

कोसुके,

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. हात लावून झाला होता.

गाडी फाटकात आडवी पडलेली, माशांची हातगाडी बाहेर निघेना. म्हणून बंदरावरच्या ट्रकांचे टायर बदलणाऱ्या कावातोला बोलावलं. सत्तरीचा माणूस, तोंडात दात नाहीत. त्यानं जॅक लावून गाडी उचलली. चाकामागे काय फाटलंय ते बघायला मी वाकले, तर खेकसला अंगावर. "बाई, मरायचंय का? थांबा, आधी घोडे लावू द्या!"

मी विचारलं, "कसले घोडे?"

त्यानं ट्रकमधून चार लोखंडी तिवया आणल्या. तीन पायांच्या, वर पन्हळ असलेल्या. गाडीच्या पोटाखाली एकेक सरकवली. म्हणाला, "हे घोडे. जॅकचा भरवसा नसतो, गाडी या घोड्यांवर बसवायची. घोडे लावलेत असं कुणी म्हटल्याशिवाय शहाणा माणूस खाली जात नाही."

तिथेच मातीत बसले मी. कावातोला वाटलं चक्कर आली, पाणी आणायला धावला.

तपकिरी घोडी! तिसरी आली! अरे हरामखोरा, आठ महिने मी माझ्या पोराचा फोटो भिंतीकडे करून ठेवला. त्याच्या भातापुढे त्याला जुगारी म्हटलं. आणि तो गाडीखाली गेला होता तुझ्या शब्दावर. घोडे लावलेत, ये, असं तू सांगितलंस म्हणून गेला. गाडीखाली पोलिसांना एकही घोडा सापडला नव्हता, त्यांच्या कागदावर कोपऱ्यात लिहिलेलं आहे ते, "आधाराच्या तिवया लावलेल्या नव्हत्या." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. आता कळला. माझं पत्र वाचलंस तेव्हा तुला लगेच कळलं असणार की या बाईनं ऐकलंय, पण हिला समजलेलं नाही. आणि तू काय केलंस? माझ्या नवऱ्याचं पाप उचलून माझ्या पोराच्या गळ्यात बांधलंस.

कागद हवाय ना? तयार आहे. शिक्का मारलाय, दाखला जोडलाय, पाकिटात घालून ठेवलाय. पाकीट गाडीखाली आहे, बरोबर मधोमध, जिथे योशितोची छाती होती तिथे. गाडी जॅकवर आहे. २२ तारखेला ये, आत शीर, घे आणि जा. मी काही बोलणार नाही.

तोमिए


सकाई, २४ नोव्हेंबर

तोमिए काकू,

परवा मी आलो होतो. टायर खांद्यावर घेऊन स्टेशनपासून चालत आलो. तुमच्या गल्लीच्या वळणावर थांबलो. कुंपणावरून गाडीचं छप्पर दिसत होतं, नेहमीपेक्षा उंच. तासभर उभा होतो. टायर तिथेच विजेच्या खांबाला टेकवून परत आलो.

काकू, मी जात नाही खाली. कुणी गेला असता का?

आता ऐका. त्या दिवशी चार वाजता मासिकाचा फोटोवाला यायचा होता. मागचं चाक आत कुठेतरी घासत होतं आणि कुठे ते खालून बघितल्याशिवाय कळत नव्हतं. घोडे दुसऱ्या गाडीखाली होते, ते काढायचे तर ती गाडी खाली घ्यावी लागली असती. पंधरा मिनिटं गेली असती. बघायला दोन मिनिटंच लागणार होती. फोनवर असतानाच त्यानं मान वळवून खुणेनं विचारलं, घोडे लावलेस का? आणि मी ओरडलो, लावलेत, ये. बस्स. लावलेत म्हणालो. तो कधीही खाली वाकून बघायचा नाही, माझ्यावर विश्वास होता त्याचा. मी टायर हलवला, जॅक कलंडला. कॉफी आणायला मी गेलो नव्हतो, मी तिथेच होतो. त्यानं एकदा माझं नाव घेतलं. मी जॅक परत लावेपर्यंत वेळ निघून गेली होती.

पोलिसांना सांगितलं असतं तर जन्म वाया गेला असता. तेवढ्यानं योशितो काही परत आला नसता ना? तुमचं पत्र आलं तेव्हा देवानंच वाट दाखवली असं वाटलं. नीचपणा होता, मान्य आहे. पण काकू, मी मुद्दाम मारलं नाही हो त्याला! एक शब्द चुकला. तुम्हीही एक शब्द बोललातच की त्याला.

चिझुरूला यातलं काही माहीत नाही. तिच्या वडिलांना कळलं तर लग्न मोडेल आणि दुकानही जाईल. हात जोडतो. घोडे लावा, नाहीतर पाकीट टपालानं पाठवा. म्हणाल ते करीन.

कोसुके


हमादा, १ डिसेंबर

कोसुके,

म्हणाल ते करीन असं लिहिलंयस. बरं.

आधी हे सांगते. गाडीखाली चारही घोडे पहिल्या दिवसापासून होते. कावातोनं लावले ते काढलेच नाहीत. मी काय तुझ्यासारखी आहे? फाटकापर्यंत आला असतास तरी दिसले असते. वाकून बघायचा त्रास घ्यायला हवा होता.

मी खाली गेले होते, तू यायच्या आदल्या दिवशी. पाठीवर पडून बघितलं. तू कापलेला पत्रा दिसला. तिथे खूप थंड असतं. अर्धा तास पडून होते, आणि त्याला म्हटलं, बाळा, चुकलं माझं. फोटो परत घरात तोंड करून ठेवलाय.

तू लिहितोस की मीही एक शब्द बोलले. खरं आहे. मी त्याला मर म्हटलं आणि तू त्याची सोय केलीस. माझा शब्द मी मरेपर्यंत माझ्याकडे ठेवीन. तुझा तू विसरशील, लग्न होईल, पोरं होतील, एखाद्या दिवशी तू गाणं गुणगुणशील. ते मला बघवणार नाही. म्हणून तुझं २४ तारखेचं पत्र हवं होतं, तुझ्या हातचं. ते आता बँकेच्या पेटीत आहे. त्याच्या दोन नकला काढल्यात. एका पाकिटावर तुझ्या सासऱ्याचा पत्ता आहे, दुसऱ्यावर सकाईच्या पोलिसांचा. दोन्हींवर तिकिटं लावून ठेवलीत. कावातोच्या मुलीला सांगून ठेवलंय, मी मेले तरी टाकायची वेळ आली की टाकायचीच.

ती वेळ केव्हा येणार ते तुझ्या हातात आहे. दर नऊ नोव्हेंबरला तू इथे यायचंस, याच गाडीनं, याच चाकांवर. आगगाडी चालणार नाही. गाडी विकायची नाही, मोडायची नाही, चाकं बदलायची नाहीत. बायकोनं विचारलं की एवढ्या लांब का जातोस, तर काय सांगायचं ते तू ठरव, तुला सुचतं. पोरं झाली की त्यांनाही आण. मी त्यांना योशितोबद्दल सांगत जाईन, दर वर्षी थोडं थोडं. सगळं एकदम सांगणार नाही.

गाडी तुझ्या नावावर केली. कागद, शिक्का, दाखला सोबत आहे. शिक्का नीट उमटलाय, तपासून घे. तुझा टायर गल्लीतल्या पोरांनी खांबापासून उचलून आणला, कावातोनं तो चढवला. येऊन गाडी घेऊन जा, उद्घाटनाला दारात उभी कर. कुणी विचारलं तर सांग, माझीच आहे.

पुढच्या वर्षी नऊ तारीख मंगळवारी येते. भटजी दहाला येतात. जेवण साधंच असतं, भात आणि वाळवलेला मासा. तुझं पान योशितोच्या पानाशेजारी मांडीन.

तोमिए